नुसते ‘रद्द’ पुरत नाही: कायदा, आदेश, करार आणि दस्त संपवण्याची भाषा

मराठीत ‘रद्द’ या एका शब्दावर आपण फार भार टाकला आहे. संसद कायदा रद्द करते, न्यायालय कलम रद्द करते, मंत्रालय शासन निर्णय रद्द करते, बिल्डर सदनिकेचे वाटप रद्द करतो, घरातले वडीलधारे मृत्युपत्र रद्द करतात आणि प्रांताधिकारी जमिनीच्या नोंदीतला फेरफार रद्द करतात. बोलण्यात याने काही बिघडत नाही. कागदावर मात्र या सहा वेगवेगळ्या घटना आहेत. कुठे जुने हक्क शाबूत राहतात, कुठे घेतलेले पैसे परत करावे लागतात, तर कुठे मुळात काही झालेच नव्हते असे धरले जाते. नोटीस, ठराव, दस्त किंवा बातमी मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा फरक शिकून घ्यावा असे मला मनापासून वाटते. चुकीच्या शब्दाची किंमत शेवटी ज्याच्या नावावर कागद आहे त्यालाच मोजावी लागते.

‘रद्द झाले’ असे वाचले किंवा लिहायची वेळ आली की तीन प्रश्न विचारायचे. संपवण्याचा अधिकार कोणाला आहे? कधीपासून संपले, मुळापासून की आजपासून? आणि संपल्यावर मागे काय उरते? नेमका शब्द या तीन उत्तरांतून निघतो.

पायरी १: संपवायचे काय आहे ते आधी ठरवा

अधिनियम, अध्यादेश, नियम किंवा अधिसूचना, शासन निर्णय, न्यायालयाचा आदेश, करार, दस्त. यांपैकी समोर काय आहे हे पहिल्या ओळीतच स्पष्ट हवे.

सगळ्यात जास्त घोळ करार आणि दस्त यांच्यात होतो. करार म्हणजे दोन पक्षांमधले कायदेशीर बंधन. दस्त म्हणजे ते बंधन ज्यावर उतरवले आहे तो कागद, आणि नोंदणी झाली असेल तर दुय्यम निबंधकाच्या पुस्तकातली नोंदसुद्धा. बंधन संपले तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, करून व्यवहार मोडला, इसारा (आगाऊ दिलेली रक्कम) परत केला, दोघे आपापल्या वाटेला लागले. पण दहा वर्षांनी त्याच जमिनीचा शोध अहवाल काढला की ते साठेखत तसेच उभे असते. म्हणून ‘करार संपुष्टात आला’ आणि ‘दस्त रद्द झाला’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि बऱ्याचदा दोन्ही लिहावी लागतात.

पायरी २: कायदा असेल, तर संपवणारा कोण ते पाहा

कायदेमंडळाने स्वतःचा कायदा कायद्यानेच संपवला, तर शब्द ‘निरसन’. ‘अधिनियम निरसित करण्यात येत आहे’ ही त्याची राजपत्रातली भाषा. बातमीत ‘कायदा रद्द’ चालेल, पण तारीख कोणती द्यायची हे निरसन कधी झाले यावर ठरते. तीन कृषी कायद्यांचे उदाहरण घ्या. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी ते मागे घेण्याची घोषणा केली. २९ नोव्हेंबरला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी निरसनाचे विधेयक मंजूर केले आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जानेवारीत कायदे जिवंत होते, फक्त थांबवलेले होते. १९ नोव्हेंबरच्या घोषणेनेही कायद्याचा एक शब्द हलला नाही. ‘रद्द’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू झाला तो निरसन अधिनियमानेच. घोषणेच्या दिवशी ‘कायदे रद्द’ असा मथळा देणे चूक होते. ‘कायदे मागे घेण्याची घोषणा’ हेच नेमके.

न्यायालयाने कायदा घालवला तर त्याला निरसन म्हणत नाहीत. न्यायालय कायदा ‘घटनाबाह्य’ ठरवते, कलम ‘रद्दबातल’ ठरवते. फरक केवळ शब्दाचा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. संसदेने मात्र ते वगळलेले नसल्याने छापील पुस्तकांत मजकूर राहिला, फार तर तळटीप आली. पुढे कित्येक वर्षे देशभरात पोलीस ठाण्यांमध्ये या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये हे समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तीव्र आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असे निर्देश द्यावे लागले. एक मेलेले कलम लोकांना अटकेपर्यंत नेऊ शकते, ही गोष्ट कायद्याच्या भाषेकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी विसरू नये. एखादे कलम पुस्तकात दिसते म्हणजे ते अमलात आहे असे नाही. निरसन आणि न्यायनिर्णय, दोन्ही तपासावे लागतात.

न्यायालयाने कलमाचा काही भागच काढला असेल तर ‘तेवढ्यापुरते’ किंवा ‘त्या मर्यादेपर्यंत’ हे शब्द सोडू नका. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ सप्टेंबर २०१८ मध्ये संपूर्ण गेले नव्हते. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी संबंधांपुरते ते घटनाबाह्य ठरले. त्याच महिन्यात व्यभिचाराचे कलम ४९७ मात्र संपूर्ण रद्दबातल झाले.

संविधानाआधीच्या कायद्यांसाठी न्यायालयाने एक वेगळी कल्पना मांडली आहे, ती म्हणजे ग्रहणाचा सिद्धान्त. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला जुना कायदा मरत नाही, त्याच्यावर छाया पडते. १९५५ साली भिकाजी नारायण धाकरस खटल्यात हे स्पष्ट झाले. विषय होता मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याचा. त्याने मोटार वाहतुकीचा धंदा सरकारला स्वतःकडे घेता येत होता. संविधान लागू झाल्यावर ही तरतूद व्यवसायस्वातंत्र्याशी भिडली, पण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९ बदलला आणि छाया सरकली. असा कायदा नव्याने करावा लागला नाही. म्हणून अशा कायद्याबद्दल ‘रद्द झाला’ न लिहिता ‘निष्प्रभ झाला’ लिहावे.

कधी कायद्याला कोणी संपवतच नाही, त्याची मुदत भरते. तेव्हा ‘मुदत संपली’ किंवा ‘व्यपगत झाला’ म्हणायचे. टाडा आणि पोटा हे दोन दहशतवादविरोधी कायदे आपण एका दमात घेतो, पण १९८७ चा टाडा १९९५ च्या मे महिन्यात मुदत न वाढवल्याने संपला, तर २००२ चा पोटा २००४ मध्ये निरसित झाला. टाडात अशी तरतूद होती की मुदत संपली तरी सुरू झालेल्या कारवाया चालू राहतील. म्हणूनच १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला टाडा संपून दहा वर्षे उलटल्यावरही टाडा न्यायालयातच चालला आणि २००६-०७ मध्ये निकाल लागला. लोकसभा विसर्जित झाल्यावर पडणाऱ्या विधेयकांनाही ‘व्यपगत’ हाच शब्द. सरकारने स्वतःहून काढून घेतले तर ‘विधेयक मागे घेतले’.

कायद्याचा एखादा तुकडाच काढायचा असेल तर ‘कलम ५ वगळण्यात येईल’ आणि त्या जागी दुसरा घालायचा असेल तर ‘या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल’, ही रूढ वाक्ये आहेत.

अनुच्छेद ३७० बद्दल जरा थांबून लिहावे. तो संविधानातून वगळलेला नाही. ६ ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रपतींच्या घोषणेने त्याचे जुने खंड अमलात राहण्याचे थांबले आणि त्या क्रमांकाखाली नवा मजकूर आला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजी ते वैध ठरवले. ‘३७० रद्द’ हे बोलीभाषेत रुळले आहे, पण अभ्यासाच्या किंवा कायद्याच्या लेखनात ‘निष्प्रभावी केला’ असेच लिहावे.

पायरी ३: प्रथा, वतन, पद संपवायचे असेल तर शब्द बदलतो

निरसन कायद्याचे होते. प्रथा, हक्क, पद किंवा संस्था यांचे निर्मूलन होते, त्या नष्ट केल्या जातात. अस्पृश्यता अनुच्छेद १७ ने नष्ट झाली. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. महाराष्ट्रात खोती १९४९ च्या कायद्याने, परगणा व कुलकर्णी वतने (पिढीजात कामाच्या मोबदल्यात मिळालेले हक्क व जमिनी) १९५० च्या आणि कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने गेली. महसुली भाषेत याला एक जुना, नेमका शब्द आहे: ‘खालसा’. फेरफारात ‘वतन खालसा’ असे दिसले म्हणजे वतनाचा हक्क सरकारकडे आला.

पण जमीन कुठे गेली? इथे तिसरा प्रश्न विचारायचा. १९५८ च्या कायद्यात जमीन ठरलेली रक्कम भरून वतनदारालाच परत देण्याची, म्हणजे कचेरीच्या भाषेत ‘रिग्रँट’ची, सोय होती, मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती हस्तांतरित करता येत नव्हती. वतन गेले, जमीन राहिली, शर्त चिकटली. अशी जमीन घेताना ‘वतन तर केव्हाच रद्द झाले’ यावर विसंबून राहणारा माणूस पुढे वर्षानुवर्षे शर्तभंगाच्या प्रकरणात अडकतो.

पायरी ४: व्यावृत्ती वाचल्याशिवाय निरसनावर बोलू नका

निरसन करणाऱ्या अधिनियमात शेवटच्या कलमाचे शीर्षक बहुधा ‘निरसन व व्यावृत्ती’ असते. व्यावृत्ती म्हणजे निरसनातून वाचवून ठेवलेला भाग. माझ्या मते मराठी कायदेलेखनातला हा सर्वांत दुर्लक्षित शब्द आहे.

व्यावृत्ती लिहिलेली नसली तरी सगळ्या कायद्यांच्या वाचनाचे सामाईक नियम सांगणाऱ्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम ६ मदतीला येते. त्याचा आशय असा: वेगळा उद्देश दिसत नसेल तर निरसनाने जुन्या कायद्याचा पूर्वीचा अंमल, त्याखाली मिळालेले हक्क, आलेली दायित्वे, झालेल्या शिक्षा आणि सुरू असलेल्या कारवाया बाधित होत नाहीत. जुन्या कायद्याने आधी जे संपवले होते तेही निरसनामुळे पुन्हा जिवंत होत नाही. १९५४ च्या मोहर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जुन्याच्या जागी नवा कायदा आला असला तरी हे कलम लागू राहते. नव्या कायद्यातून विरुद्ध उद्देश दिसतो का, तेवढे पाहायचे.

ताजे उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचे आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मग ३० जून २०२४ रोजी घडलेला, पण ऑगस्टमध्ये तक्रार झालेला गुन्हा कोणत्या कलमाखाली? जुन्या. न्याय संहितेच्या कलम ३५८ ने तशी व्यावृत्ती ठेवली आहे. ‘आयपीसी आता रद्द झाली, त्या कलमाला अर्थ नाही’ असे कोणी म्हणाले तर घटनेची तारीख विचारा.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातल्या शहरांचे. शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवावी याची मर्यादा घालणारा नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. केंद्राचा निरसन अधिनियम १९९९ चा, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला २९ नोव्हेंबर २००७ रोजी. मधली आठ वर्षे इथे जुना कायदा जिवंत होता. निरसनानंतरही, शासनाने ज्या जमिनींचा ताबा घेतला होता त्या शासनाकडेच राहिल्या आणि कलम २० खाली या मर्यादेतून दिलेल्या सवलतींची वैधता जपली गेली. या सवलतीच्या जमिनींवरच्या अटींचे काय, हा वाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापर्यंत गेला आणि त्या निरसनानंतरही टिकतात असे ठरले. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर कलम २० चा शेरा दिसला तर ‘तो कायदा तर गेला’ म्हणून पुढे सरकू नका.

पायरी ५: शासन निर्णय, अधिसूचना आणि न्यायालयीन आदेश

शासन निर्णयाच्या भाषेत ‘अधिक्रमित’ हा शब्द सतत येतो. नवा निर्णय जुन्याची जागा घेतो, तेव्हा जुना ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’. नुसते ‘रद्द’ म्हटले तर जुने गेले, नव्या जागी काय ते कळत नाही. ‘अंशतः’ हा शब्दही महत्त्वाचा. तो नसेल तर संपूर्ण निर्णय गेला असे वाचले जाते.

ज्याला अधिसूचना काढण्याचा अधिकार आहे त्यालाच ती त्याच पद्धतीने बदलण्याचा किंवा संपवण्याचा अधिकार असतो, हे वाक्खंड अधिनियमाचे कलम २१ सांगते. म्हणजे राजपत्रातली अधिसूचना परिपत्रकाने रद्द होत नाही आणि शासन निर्णयाने अधिनियमाला हात लावता येत नाही. कार्यालयात कोणी परिपत्रक दाखवून ‘नियम रद्द झाला’ म्हणाले, तर नियम कशाने झाला होता ते आधी विचारावे.

न्यायालयाच्या बाबतीत तीन जोड्या पक्क्या कराव्यात. ‘आदेश रद्द’ म्हणजे खालचा आदेश गेला. ‘अपील फेटाळले’ किंवा ‘खारीज’ म्हणजे खालचा आदेश राहिला. ‘जामीन रद्द’ म्हणजे मिळालेला जामीन काढून घेतला. ‘जामीन अर्ज फेटाळला’ म्हणजे मिळालाच नाही. ‘स्थगिती’ म्हणजे थांबवले, संपवले नाही. हाच तिसरा फरक देशादेशांतल्या करारांनाही लागतो: १९६० चा सिंधू जलवाटप करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, तो ‘रद्द केला’ असे नव्हे.

पायरी ६: करार शून्य, शून्यकरणीय की फक्त संपवलेला?

आता आपल्या रोजच्या व्यवहाराकडे येऊ. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

‘शून्य’ करार म्हणजे कायद्याच्या बळावर अमलात आणता येत नाही असा. बेकायदा उद्देशाचा, पैजेचा, अर्थच निश्चित करता येत नाही असा, दोन्ही पक्षांची मूळ वस्तुस्थितीबद्दलच चूक असलेला, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला. अज्ञानाच्या कराराचा मुद्दा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात कायमचा सोडवला. असा करार ‘रद्द करा’ अशी मागणी तर्काला धरून नाही. रद्द जिवंत गोष्ट होते. जी कायद्याने जन्मलीच नाही ती ‘शून्य असल्याचे घोषित’ करून मागायची असते.

‘शून्यकरणीय’ करार वेगळा. तो जिवंत आणि वैध आहे, पण एका पक्षाच्या मर्जीवर टांगलेला आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक किंवा चुकीचे निवेदन यांमुळे संमती दिली गेली असेल, तर ज्याची संमती अशी मिळवली त्याला तो टाळता येतो. टाळला नाही तर करार चालू राहतो. फसवणूक कळल्यानंतरही हप्ते स्वीकारत राहिलात तर तुम्ही करार कायम केला असे समोरचा म्हणेल, आणि बहुधा ते त्याला सिद्धही करता येईल.

एक जोडी नेहमी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अज्ञानाने स्वतः केलेला करार शून्य. पण हिंदू अज्ञानाची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली, तर ती विक्री १९५६ च्या पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे शून्यकरणीय. मुलाने सज्ञान झाल्यावर मुदतीत, म्हणजे तीन वर्षांत, आव्हान दिले नाही तर ती पक्की होते. एका घरातली दोन मुले या फरकामुळे वेगवेगळ्या जागी उभी राहू शकतात. विवाहाच्या कायद्यातही हीच विभागणी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ चे कलम ११ शून्य विवाहाचे, कलम १२ शून्यकरणीय विवाहाचे, आणि कलम १३ घटस्फोटाचे. पहिला मुळात विवाहच नव्हता, दुसरा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पुसला जातो, तिसऱ्यात झालेला विवाह मोडला जातो. तिन्हींना ‘लग्न रद्द झाले’ म्हणणे पोटगीच्या आणि वारसाच्या प्रश्नांत गोंधळ वाढवते.

शून्यकरणीय करार टाळण्याच्या कृतीला ‘विखंडन’ म्हणतात. विखंडन केले की कलम ६४ प्रमाणे त्या करारातून मिळालेला लाभ परत करायचा. करार शून्य असल्याचे उघड झाले किंवा तो नंतर शून्य झाला, तर परतफेडीचे कलम ६५. नोटिशीत चुकीचा शब्द पडला की परताव्याची मागणीही चुकीच्या पायावर जाते.

‘संपुष्टात आणणे’ ही तिसरी गोष्ट. इथे करारात काही खोट नाही. करारातल्या अटीनुसार नोटीस देऊन, किंवा समोरच्याने भंग केला म्हणून, तो पुढच्यासाठी थांबवला जातो. आजवरचे भाडे, आजवरचे काम, आजवरची थकबाकी तशीच राहते. भाडेपट्टा, सेवा करार, पुरवठा करार यांच्यासाठी बहुतेक वेळा हाच शब्द योग्य. नोटिशीत तुम्ही ‘करार रद्दबातल समजण्यात यावा’ असे लिहिले आणि खालच्या परिच्छेदात मागच्या सहा महिन्यांची थकबाकी मागितली, तर समोरचा वकील पहिले बोट याच विसंगतीवर ठेवेल.

जुना करार सोडून परस्परसंमतीने नवा केला, तर कलम ६२ लागते. तिथे ‘या करारामुळे दि. ... च्या कराराची जागा घेतली असून तो यापुढे बंधनकारक राहणार नाही’ असे लिहावे. घटना अशी घडली की करार पार पाडणेच अशक्य किंवा बेकायदा झाले, तर कलम ५६ प्रमाणे तो आपोआप शून्य होतो. तिथे कोणी कोणाला नोटीस देऊन ‘रद्द’ करत नाही. सदनिकेच्या बाबतीत रेराचे, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचे, कलम ११(५) आहे: प्रवर्तकाला (बिल्डरला) वाटप रद्द करायचे तर विक्रीकरारातल्या अटींप्रमाणेच करावे लागते.

पायरी ७: मागे घेता येणारे कागद

मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्यासाठी ‘मागे घेणे’ हा शब्द जास्त अचूक. दोन्ही एकट्याच्या इच्छेने केलेले असतात. मृत्युपत्र करणारा हयात आणि सक्षम असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतो. नव्या मृत्युपत्रात ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी याद्वारे मागे घेत आहे’ ही ओळ सुरुवातीलाच हवी. ती नसेल तर जुने आणि नवे जिथे जुळतात तिथे दोन्ही वाचण्याचा वाद उभा राहतो.

मुखत्यारपत्राला एक अपवाद: मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल, तर करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे स्पष्ट करार नसताना त्याच्या हिताला बाधा येईल अशा रीतीने ते संपवता येत नाही. बक्षीसपत्र तर मर्जीप्रमाणे मागे घेताच येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२६ त्याला मोजक्याच परिस्थितीत परवानगी देते. ‘मुलगा बघत नाही म्हणून बक्षीसपत्र रद्द करून घेऊ’ असे म्हणणाऱ्या पालकांना आधी हे सांगा, आणि ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चे कलम २३ दाखवा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले बक्षीस, ती अट पाळली नाही तर, न्यायाधिकरणाकडून शून्य घोषित करून घेण्याचा मार्ग तिथे आहे.

पायरी ८: दस्त रद्द करणे

साठेखत दोघांच्या संमतीने मोडायचे असेल तर रद्दलेख, म्हणजे जुना दस्त रद्द करणारा नवा दस्त, करा, आणि मूळ साठेखत नोंदवलेले असेल तर रद्दलेखही नोंदवा. नोंदणीकृत कराराचे तोंडी विखंडन पुराव्यात सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ मध्ये हे होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे.

खरेदीखताचे तसे नाही. खरेदीखताने मालकी गेली. विकणाऱ्याने एकट्याने रद्दलेख करून ती परत येत नाही. संमती असेल तर पुन्हा खरेदीखत, नसेल तर दिवाणी न्यायालय. तिथेही शब्द जपावा लागतो. दस्तावर ज्याची सही आहे त्याने ‘रद्द करून मिळावा’ म्हणायचे. ज्याची सही नाही त्याने ‘दस्त माझ्यावर बंधनकारक नसल्याचे घोषित व्हावे’ म्हणायचे. २०१० च्या सुहृद सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला, आणि न्यायालयीन शुल्कही त्यावरच अवलंबून असते. रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती दस्ताच्या तारखेपासून नव्हे तर हक्क देणारी वस्तुस्थिती प्रथम कळल्यापासून. म्हणून दाव्यात ‘कधी कळले’ हे तारखेसह लिहावे. हुकूमनामा झाला आणि दस्त नोंदणीकृत असेल, तर न्यायालय त्याची प्रत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवते आणि पुस्तकातल्या नोंदीवर तसा शेरा येतो.

पायरी ९: वाक्य लिहिताना

चांगल्या वाक्यात चार गोष्टी असतात: कोणता कागद, कोणत्या अधिकाराने, कधीपासून, आणि काय शिल्लक. काही नमुने:

करार संपवण्याची नोटीस: ‘दि. ... रोजीच्या सेवा कराराच्या अट क्र. ... नुसार, ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांनी सदर करार संपुष्टात येईल. त्या दिवसापर्यंतच्या देयकांवर व कराराच्या भंगाबाबतच्या माझ्या अशिलांच्या हक्कांवर याचा परिणाम होणार नाही.’

विखंडनाची नोटीस: ‘आपण दिलेली माहिती खोटी असल्याचे दि. ... रोजी प्रथम समजले. त्यामुळे माझे अशील सदर कराराचे विखंडन करीत असून, घेतलेली रक्कम परत करण्यास तयार आहेत. आपणही मिळालेली मिळकत परत करावी.’

रद्दलेखातली ओळ: ‘लिहून देणार व लिहून घेणार यांच्या संमतीने, दस्त क्र. ... चे साठेखत आजपासून रद्द करण्यात येत आहे. इसाऱ्याची संपूर्ण रक्कम परत मिळाली असून, सदर साठेखतान्वये लिहून घेणार यांचा मिळकतीत कोणताही हक्क राहिलेला नाही.’

शासन निर्णय: ‘दि. ... चा शासन निर्णय, त्याखाली झालेली कार्यवाही व दिलेल्या मंजुऱ्या वगळून, अधिक्रमित करण्यात येत आहे.’

‘रद्द व निरस्त व शून्य समजण्यात यावा’ अशी तीन शब्दांची माळ टाळा. तिने भाषा वजनदार दिसते, पण तीन वेगळ्या परिणामांपैकी कोणता हवा आहे हेच हरवते.

कागद तयार झाला की तो पोहोचवा. मुखत्यारपत्र मागे घेतले तर करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे मुखत्याराच्या बाबतीत ते त्याला कळल्यापासून, आणि बाहेरच्यांच्या बाबतीत त्यांना कळल्यापासून संपते. तोवर त्याने तुमच्या नावावर केलेला व्यवहार तुमच्यावर येऊ शकतो. पोच असलेल्या टपालाने मुखत्याराला नोटीस द्या, बँकेत व दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत द्या, मिळकतीचा विषय असेल तर त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि मूळ मुखत्यारपत्र परत मागून घ्या.